बोर्डावरच्या कपॅसिटरची धारकता: न काढता काय मोजता येते आणि काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. २४ व्होल्टच्या एका पॉवर सप्लाय बोर्डावरचा ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जागेवरच मल्टिमीटरने मोजला, तेव्हा ५१२ मायक्रोफॅरड असा आकडा आला. तोच कपॅसिटर काढून मोजला तेव्हा ४४ आला. शेजारच्या १०० नॅनोफॅरडच्या सिरॅमिक कपॅसिटरवर प्रोब ठेवले तरी मीटर ५१२ च दाखवत राहिला. तर कपॅसिटर न काढता, आणि जमल्यास सर्किट चालू असतानाच, धारकता मोजण्याची खात्रीची रीत कोणती, आणि त्यासाठी कोणते उपकरण घ्यावे?

मीटर येथे चुकलेला नाही. ज्या दोन बिंदूंवर त्याला टेकवले, त्यांच्या दरम्यान जे जे जोडलेले आहे त्या सगळ्याचा एकत्रित हिशोब त्याने दिला. त्याच २४ व्होल्टच्या रेलवर, म्हणजे पुरवठ्याच्या तारेवर, बहुधा ४७० मायक्रोफॅरडचा दुसरा कपॅसिटर आहे. समांतर जोडणीत धारकतांची बेरीज होते, म्हणून प्रत्यक्षात ४६८ च्या आसपास असलेला तो आणि ४४ चा हा मिळून ५१२ झाले. सिरॅमिक कपॅसिटरही त्याच दोन तारांवर बसलेला असल्यामुळे तेथे तोच आकडा आला, त्याचा ०.१ मायक्रोफॅरडचा वाटा ५१२ मध्ये दिसणे शक्यच नाही. म्हणून बोर्डावर मोजताना ‘हा कपॅसिटर किती’ याच्या आधी ‘या दोन बिंदूंमध्ये आणखी कोण कोण आहे’ हे विचारावे लागते. पुढचे सगळे कौशल्य या शेजाऱ्यांना मोजमापापुरते गप्प बसवण्याचे आहे.

वीज बंद करून जागेवर मोजणे आणि सर्किट चालू असताना मोजणे ही दोन पूर्णपणे वेगळी कामे आहेत आणि त्यांची उपकरणेही वेगळी आहेत. आधी पहिल्याकडे पाहू.

वीज बंद केली म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असे होत नाही. २३० व्होल्ट एसी थेट रेक्टिफाय करणाऱ्या, म्हणजे डीसीत बदलणाऱ्या, एसएमपीएसच्या (स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायच्या) मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतो, आणि १०० मायक्रोफॅरडमध्ये त्या दाबाला पाच ज्यूलहून थोडी अधिक ऊर्जा साठलेली असते. मीटर जाळायला ती पुरेशी आहे आणि माणसालाही तिचा झटका धोकादायक आहे. विशेष म्हणजे चालता सप्लाय बंद केला तर लोड ही ऊर्जा लगेच ओढून घेतो, पण ज्याचा स्विचिंग भाग मेलेला आहे अशा बंद पडलेल्या सप्लायमध्ये तिला वाटच नसते आणि कपॅसिटर कितीतरी मिनिटे भरलेला राहतो. दुरुस्तीला आलेला बोर्ड म्हणूनच अधिक सावधपणे हाताळावा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय सोडावी. त्याने पीसीबीचा ट्रॅकही उडतो आणि कपॅसिटरही दुखावतो. २.२ किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड तारांनी जोडला की १०० मायक्रोफॅरडचा टाइम कॉन्स्टंट ०.२२ सेकंद येतो, म्हणजे दीड-दोन सेकंदांत काम होते. आपल्याकडे अनेक कारागीर यासाठी २३० व्होल्टचा साधा बल्ब वापरतात. तो चालतो, पण शेवटच्या वीस-तीस व्होल्टला बल्ब उजळत नाही, त्यामुळे तो विझला याला पुरावा मानू नये. डीसी व्होल्टेज मीटरने पाहावेच. शिवाय डायइलेक्ट्रिकमध्ये, म्हणजे प्लेटांमधल्या विद्युतरोधक थरात, शोषला गेलेला भार थोड्या वेळाने परत वर येतो, म्हणून मोजण्याच्या अगदी आधी एकदा पुन्हा डिस्चार्ज करावे.

आता मीटर आत काय करतो ते पाहू, कारण बोर्डावरच्या बहुतेक चुकीच्या आकड्यांचे मूळ तेथे आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर कपॅसिटरमध्ये ठरावीक प्रवाह सोडतो आणि व्होल्टेज ठरावीक मर्यादेपर्यंत चढायला किती वेळ लागला ते मोजतो. समांतर एखादा रेझिस्टर असेल तर प्रवाहाचा काही भाग त्याच्यातून निघून जातो, व्होल्टेज सावकाश चढते, आणि मीटरला वाटते की कपॅसिटर मोठा आहे. रेझिस्टर पुरेसा लहान असला तर व्होल्टेज त्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही आणि मीटर ‘ओएल’ (मर्यादेबाहेर) दाखवतो किंवा नुसता भिरभिरत राहतो. यातूनच एक महत्त्वाची गोष्ट निघते: लीकेज (कपॅसिटरमधून झिरपणारा प्रवाह) वाढलेला, म्हणजे खराब झालेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून मोजला तरी मल्टिमीटरवर छापील किमतीपेक्षा जास्त भरू शकतो. ‘छापील १००, मीटरवर १३०, म्हणजे उत्तम’ असा निष्कर्ष काढून पुष्कळ खराब कपॅसिटर बोर्डावर परत बसवले जातात.

एलसीआर मीटर, म्हणजे कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर मोजणारे उपकरण, एसी सिग्नल देतो आणि व्होल्टेज व प्रवाह यांचे प्रमाण व त्यांच्यातला कोन पाहतो. त्यामुळे रोधाचा भाग आणि धारकतेचा भाग त्याला वेगळे करता येतात. पण येथेही वारंवारिता कोणती निवडली यावर सगळे अवलंबून आहे. समजा १ मायक्रोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरला समांतर १ किलोओहमचा रेझिस्टर आहे. १०० हर्ट्झला या कपॅसिटरचा रिॲक्टन्स (एसीला होणारा अडथळा) सुमारे १५९२ ओहम असतो, म्हणजे रेझिस्टरपेक्षा जास्त. डिसिपेशन फॅक्टर, म्हणजे रोधाच्या भागाचे धारकतेच्या भागाशी प्रमाण (पुढे ‘डी’), १.५९ येतो. मीटर एकसरी पद्धतीवर, म्हणजे रोध कपॅसिटरशी एकामागे एक जोडलेला आहे असे मानणाऱ्या पद्धतीवर, असेल तर तो समांतर किमतीला ‘१ अधिक डी चा वर्ग’ याने गुणून दाखवतो, आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३.५३ मायक्रोफॅरड दिसतो. वारंवारिता १ किलोहर्ट्झ केली की रिॲक्टन्स १५९ ओहमवर येतो, डी ०.१५९ होतो आणि आकडा १.०३ वर उतरतो. १० किलोहर्ट्झला रेझिस्टरचा परिणाम नगण्य राहतो. म्हणून बोर्डावर मोजताना मीटरवर केवळ धारकता पाहू नये, डी चा आकडा सतत शेजारी ठेवावा. डी ०.१ च्या खाली असेल तर एकसरी आणि समांतर आकड्यांत एक टक्क्याचाच फरक राहतो. डी त्याहून बराच वर असेल तर आपण निव्वळ कपॅसिटर मोजत नाही हे समजावे, वारंवारिता बदलावी, आणि समांतर रेझिस्टर आहे हे सर्किटवरून माहीत असेल तर मीटर हाताने समांतर पद्धतीवर घ्यावा. स्वयंचलित निवडीवर विसंबू नये, कारण कमी इम्पीडन्स (एकूण अडथळा) दिसला की बहुतेक मीटर आपणहून एकसरी पद्धत घेतात.

वारंवारिता वाढवण्यालाही मर्यादा आहे. १०० मायक्रोफॅरडच्या इलेक्ट्रोलिटिकचा रिॲक्टन्स १०० किलोहर्ट्झला अवघा ०.०१६ ओहम असतो, तर त्याचा ईएसआर, म्हणजे अंतर्गत एकसरी रोध, त्याच्या कितीतरी पट असतो. अशा ठिकाणी धारकता रोधाखाली पार दडून जाते. ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकची छापील किंमत १२० हर्ट्झला दिलेली असते, त्यामुळे त्यांची तुलना १०० किंवा १२० हर्ट्झलाच करावी. लहान फिल्म आणि सिरॅमिक कपॅसिटरसाठी १ किलोहर्ट्झ किंवा त्याहून वर जावे.

दुसरा शेजारी म्हणजे सेमीकंडक्टर जंक्शन. सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टला उघडू लागतो आणि शॉट्की जातीचा डायोड त्याच्या निम्म्याच्याही खाली. हातातल्या अनेक एलसीआर मीटरचा टेस्ट सिग्नल ०.६ व्होल्ट आरएमएसचा असतो, म्हणजे त्याचे शिखर ०.८५ व्होल्टपर्यंत जाते आणि आयसीच्या आतले संरक्षक डायोडही त्यात भाग घेऊ लागतात. मीटरवर ०.३ किंवा ०.१ व्होल्टची सोय असेल तर बोर्डावर तीच वापरावी. आकडा सिग्नलची पातळी बदलल्यावर बदलत असेल, तर जंक्शन मध्ये येत आहे याची ती सरळ खूण आहे. मल्टिमीटरचा धारकता मोड मात्र बोर्डावर यासाठीच अविश्वसनीय ठरतो; त्याचे टेस्ट व्होल्टेज आपल्या हातात नसते.

तिसरा शेजारी कॉइल. एसएमपीएसच्या आउटपुटला पुष्कळदा दोन कपॅसिटर आणि त्यांच्यामध्ये १० मायक्रोहेन्रीच्या आसपासची चोक अशी रचना असते. १०० हर्ट्झला त्या चोकचा रिॲक्टन्स ०.००६ ओहम, म्हणजे मीटरच्या दृष्टीने ती निव्वळ तार. दोन्ही कपॅसिटर एकच भासतात आणि कितीही महागडा मीटर आणला तरी त्या वारंवारितेला ते वेगळे होणार नाहीत. १०० किलोहर्ट्झला तीच चोक ६.३ ओहमची होते आणि दोघांना नीट वेगळे करते, पण त्या वारंवारितेला धारकता न दिसता ईएसआर दिसतो.

हा तोटा वाटतो, पण दुरुस्तीच्या कामात तो फायदाच आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर खराब होतो तो बहुधा आतला द्रव सुकल्यामुळे, आणि त्यात ईएसआर धारकतेच्या आधी आणि कितीतरी जास्त प्रमाणात बिघडतो. धारकता अजून छापील किमतीच्या वीस टक्क्यांत आहे आणि ईएसआर पाचपट झाला आहे, असे कपॅसिटर टेबलावर नेहमी येतात. ईएसआर मीटर १०० किलोहर्ट्झच्या आसपासचा, १०० मिलिव्होल्टहून कमी पातळीचा सिग्नल देतो. त्या पातळीला डायोड उघडत नाहीत, आणि समांतर असलेले शेकडो ओहमचे रेझिस्टर एखाद्या ओहमच्या ईएसआरपुढे हिशोबात येत नाहीत. म्हणून बोर्डावर न काढता, भरवशाने मोजता येणारी राशी कोणती असे विचारले तर माझे उत्तर धारकता असे नसून ईएसआर असेच राहील. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टच्या चांगल्या लो-ईएसआर कपॅसिटरमध्ये तो काही दशक मिलिओहम असतो, तर १० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टच्या साध्या कपॅसिटरमध्ये एक ते तीन ओहमसुद्धा चालून जातात. त्यामुळे आकडा नेहमी त्याच किमतीच्या नव्या कपॅसिटरशी ताडून पाहावा. सकाळी थंड असताना सुरू न होणारा आणि हेअर ड्रायरची गरम हवा दिल्यावर चालू होणारा सप्लाय हीदेखील ईएसआरचीच तक्रार सांगत असतो, कारण तापमान वाढले की तो उतरतो.

ईएसआर मीटरच्या दोन फसव्या जागा सांगितल्याच पाहिजेत. पूर्ण शॉर्ट झालेला कपॅसिटर त्यावर शून्य ओहम, म्हणजे आदर्श, दिसतो. म्हणून आधी साध्या ओहम रेंजवर शॉर्ट नाही ना हे पाहावे. आणि दोन कपॅसिटर चोकशिवाय थेट समांतर असतील तर चांगला कपॅसिटर वाईटाला झाकतो. लीकेज तर त्यावर कळतच नाही.

कारखान्यात जोडलेले बोर्ड तपासणारी यंत्रे मात्र जागेवरच धारकता मोजतात, आणि त्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. समजा मोजायचा कपॅसिटर अ आणि ब या बिंदूंमध्ये आहे, आणि अ पासून ग पर्यंत एक रेझिस्टर व ब पासून ग पर्यंत दुसरा कपॅसिटर असा आडमार्ग आहे. अ ला सिग्नल द्यायचा, ब ला ऑप-ॲम्पच्या (प्रवर्धक आयसीच्या) आभासी ग्राउंडवर, म्हणजे ग्राउंडला थेट न जोडता शून्य व्होल्टवर, धरायचे आणि ग बिंदू मीटरच्या गार्डला, म्हणजे त्याच शून्य पातळीला जोडायचा. आता ब आणि ग दोन्ही शून्यावर असल्यामुळे त्यांच्यात प्रवाह वाहत नाही. अ कडून ग कडे जाणारा प्रवाह सिग्नलचा स्रोत पुरवतो, पण तो मोजणाऱ्या ऑप-ॲम्पमधून जात नाही. मोजला जातो तो फक्त अ-ब मधला. टेबलावरच्या चार बीएनसी टर्मिनलच्या एलसीआर मीटरला गार्ड असतो आणि त्याने हे घरीही करता येते. अट इतकीच की आडमार्गात ग सारखा एक बिंदू हाताशी हवा, आणि अ-ग किंवा ब-ग मधला रोध फार लहान नसावा, नाहीतर स्रोतच वाकतो किंवा आभासी ग्राउंड खरे शून्य राहत नाही. कपॅसिटर थेट रेल आणि ग्राउंड यांच्यात असेल तर असा मधला बिंदूच मिळत नाही. तेथे गार्ड निरुपयोगी आहे. प्रश्नातला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नेमका याच प्रकारात मोडतो.

अशा वेळी एक पाय उचलणे हाच प्रामाणिक मार्ग राहतो. थ्रू-होल कपॅसिटरला ते सोपे आहे. बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेल्या एसएमडी सिरॅमिकला ते जमत नाही, तो दोन सोल्डरिंग आयर्नने किंवा गरम चिमट्याने पूर्णच काढावा लागतो, आणि काढल्याबरोबर मोजला तर एक्स७आर जातीचा कपॅसिटर काही टक्के जास्त भरतो. या जातीची धारकता काळानुसार हळूहळू उतरत असते आणि सोल्डरिंगच्या उष्णतेने ती अंशतः परत येते. ऊर्जा साठवणाऱ्या कपॅसिटरसाठी याला काही महत्त्व नाही, टायमिंगसाठी असू शकते.

आता चालू सर्किट. येथे पहिला आणि अपवाद नसलेला नियम असा की धारकता मोजणारा कोणताही मीटर वीज असलेल्या सर्किटला लावायचा नाही. मीटर स्वतःचा सिग्नल देऊन उत्तर ऐकत असतो. सर्किटमध्ये आधीच व्होल्टेज असेल तर आकडा निरर्थक येतो आणि मीटरचे इनपुट जळते. चालू सर्किटमध्ये धारकता काढायची ती सर्किटच्याच सिग्नलवरून, व्होल्टमीटर, क्लॅम्पमीटर आणि ऑसिलोस्कोप यांच्या मदतीने. हे जमले तर त्यातून मिळणारा आकडा काढून मोजलेल्या आकड्याहून अधिक मोलाचा असतो, कारण तो खऱ्या व्होल्टेजला आणि खऱ्या तापमानाला मिळालेला असतो.

सर्वांत सोपे उदाहरण ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि लिनियर रेग्युलेटरच्या सप्लायचे. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर फिल्टर कपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी एकदा भरतो आणि मधल्या काळात लोड त्याला रिकामा करत असतो. स्कोपवर रिपलचा, म्हणजे या चढ-उताराचा, उतरता भाग जवळजवळ सरळ रेषेत दिसतो, आणि त्या रेषेचा उतार म्हणजे लोडचा प्रवाह भागिले धारकता. लोड ०.८ अँपिअर आहे आणि ५ मिलिसेकंदांत व्होल्टेज १.८ व्होल्टने उतरले, तर उतार सेकंदाला ३६० व्होल्ट, आणि धारकता ०.८ भागिले ३६०, म्हणजे सुमारे २२२० मायक्रोफॅरड. कपॅसिटरवर २२०० छापलेले असेल तर त्याची काळजी नको. पूर्ण रिपलची शिखरापासून दरीपर्यंतची उंची घेण्यापेक्षा रेषेचा मधला तुकडा घ्यावा, कारण कपॅसिटर नेमका किती मिलिसेकंद भरतो याचा अंदाज त्यात करावा लागत नाही. लिनियर रेग्युलेटरमुळे प्रवाह स्थिर राहतो, म्हणून रेषा सरळ राहते. पुढे स्विचिंग कन्व्हर्टर असेल तर तो ठरावीक शक्ती ओढतो, व्होल्टेज उतरले की प्रवाह वाढवतो, आणि रेषा खाली वाकते.

तशा ठिकाणी ऊर्जेचा हिशोब करावा. एसएमपीएसच्या मुख्य कपॅसिटरवर ३२० व्होल्ट आहेत, पुढचा कन्व्हर्टर ६० वॉट ओढतो आहे, आणि पुरवठा तोडल्यावर २२० व्होल्टपर्यंत यायला ४५ मिलिसेकंद लागले, असे समजू. दोनदा शक्ती गुणिले वेळ, म्हणजे ५.४, याला दोन व्होल्टेजच्या वर्गांच्या फरकाने, म्हणजे ५४,००० ने, भागले की १०० मायक्रोफॅरड हे उत्तर मिळते. मात्र हे मोजताना स्कोपची ग्राउंड क्लिप प्रायमरी बाजूला लावणे म्हणजे अर्थिंगमार्गे ब्रिज रेक्टिफायर शॉर्ट करणे आहे. डिफरन्शिअल प्रोब वापरावा, किंवा बोर्डाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून वीज द्यावी. स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा उपाय जो कोणी सुचवेल त्याचे ऐकू नये. त्यात स्कोपची सगळी धातूची बॉडी ३०० व्होल्टवर जाऊन बसते.

एसएमपीएसच्या आउटपुटचे रिपल पाहून धारकता काढण्याचा प्रयत्न सहसा फसतो. तेथे दहा-वीस हजार हर्ट्झच्या कितीतरी वरच्या वारंवारितेला रिपल जवळजवळ पूर्णपणे ईएसआरमुळे बनलेले असते. त्यातून कपॅसिटरची तब्येत कळते, किंमत कळत नाही.

टायमिंगच्या सर्किटमध्ये मात्र किंमत फार सुबकपणे मिळते. ५५५ टायमर आयसीच्या अस्टेबल, म्हणजे सतत आंदोलने देणाऱ्या, जोडणीत वारंवारिता पुरवठ्याच्या व्होल्टेजवर अवलंबून नसते, फक्त दोन रेझिस्टर आणि कपॅसिटर यांवर असते. रेझिस्टर १० आणि १०० किलोओहमचे असतील आणि आउटपुटच्या पिन ३ वर ७६० हर्ट्झ मिळत असतील, तर १.४४ भागिले (२१० किलोओहम गुणिले ७६०) या हिशोबाने कपॅसिटर ९.०२ नॅनोफॅरडचा निघतो. रेझिस्टरच्या किमतीवर भरवसा नसेल तर त्याहून चांगली रीत आहे. एक टक्का अचूकतेचा १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर तात्पुरता समांतर जोडावा. आधीचा काळ १.३१६ मिलिसेकंद होता आणि जोडल्यावर २.७७५ झाला, तर अज्ञात धारकता म्हणजे १० गुणिले १.३१६, भागिले दोन्ही काळांतला फरक १.४५९, पुन्हा ९.०२. येथे रेझिस्टर हिशोबातून पूर्णपणे गळून पडतो. वारंवारिता कपॅसिटरच्या पायावर न पाहता आउटपुटवरच पाहावी, कारण १० पट प्रोब (सिग्नल दहापट कमी करणारा) स्वतःचे १० ते १५ पिकोफॅरड जोडतो. १० नॅनोफॅरडपुढे ते क्षुल्लक आहे. क्रिस्टलच्या २२ पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर तोच प्रोब ठेवला तर ऑसिलेटर सरकतो किंवा थांबतोच. काही पिकोफॅरडची धारकता चालू सर्किटमध्ये मोजण्याच्या फंदात शक्यतो पडू नये.

चालू अवस्थेतली सर्वांत उपयुक्त मोजणी माझ्या मते इलेक्ट्रॉनिक बोर्डावरची नसून सिंगल फेज मोटरच्या रन कपॅसिटरची आहे. एअर कंडिशनरचा कॉम्प्रेसर, बोअरवेलचा पंप, छताचा पंखा, सगळीकडे ती चालते. मोटर पूर्ण वेगाने चालू असताना कपॅसिटरच्या दोन टोकांमधला एसी व्होल्टेज घ्यावा, त्याच्या तारेवरून क्लॅम्पमीटरने प्रवाह घ्यावा, आणि ५० हर्ट्झसाठी प्रवाहाला ३१८३ ने गुणून व्होल्टेजने भागावे; उत्तर थेट मायक्रोफॅरडमध्ये येते. ३७० व्होल्ट आणि ४.२ अँपिअर मिळाले, तर धारकता ३६ मायक्रोफॅरड. त्यावर ४५, अधिक-उणे ५ टक्के असे छापलेले असेल तर तो बदलायलाच हवा. या मेटलाइज्ड पॉलिप्रोपिलीन कपॅसिटरमध्ये प्रत्येक लहान बिघाडाला तेवढा धातूचा थर जळून जातो, कपॅसिटर वाचतो, पण क्षेत्रफळ कमी होत जाते. म्हणून ते फुगल्याशिवायही निम्म्यावर येऊ शकतात. शेतीपंपाला व्होल्टेज कमी मिळत असले तरी हिशोब बिघडत नाही, कारण दोन्ही आकडे त्याच क्षणाचे असतात. ग्रिडची वारंवारिता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवली जाते, तिची चूक नगण्य. जनरेटरवर मात्र वारंवारिता मोजूनच घ्यावी. पंख्याच्या २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून पाव अँपिअरच्या आसपासच प्रवाह जातो, तो क्लॅम्पमीटरला नीट वाचता येत नाही. तार जबड्यातून दहा वेळा फिरवून आकड्याला दहाने भागावे, आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वगळून पंखा थेट पुरवठ्यावर चालवावा, कारण कापलेल्या लहरीला हे सूत्र लागू पडत नाही. कपॅसिटरवरचे व्होल्टेज पुरवठ्यापेक्षा बरेच जास्त असते, म्हणून कॅट ३ (मीटरची सुरक्षा श्रेणी), ६०० व्होल्टचाच मीटर आणि तशाच लीड्स घ्याव्यात.

सिरॅमिक कपॅसिटरबाबत एक सूचना येथेच करतो, कारण तेथे काढून मोजणे हेच दिशाभूल करते. १० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा, ०८०५ आकाराचा एक्स७आर कपॅसिटर टेबलावर बरोबर १० भरेल, आणि १२ व्होल्टच्या रेलवर त्यातले निम्मेही उरलेले नसतील. डीसी व्होल्टेजने या जातीची धारकता उतरते. एक्स७आर मधला अधिक-उणे १५ टक्के हा आकडा फक्त तापमानाबद्दल आहे, व्होल्टेजबद्दल तो काहीच सांगत नाही. सी०जी जातीत हा दोष नाही. सप्लाय अस्थिर आहे आणि सगळे कपॅसिटर काढून मोजले तर बरोबर येतात, अशा बोर्डावर उत्पादकाच्या डेटाशीटमधला व्होल्टेज-धारकता आलेख आधी उघडावा.

उपकरणाबद्दल: एकच घ्यायचे असेल तर १०० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ अशा पाच वारंवारिता असलेला, डी आणि ईएसआर दाखवणारा हातातला एलसीआर मीटर घ्यावा, तो ईएसआर मीटरचेही बरेच काम करतो. मात्र त्याच्या टेस्ट सिग्नलची पातळी विकत घेण्याआधी पाहून घ्यावी, आणि लीड्स ओपन-शॉर्ट करून शून्य केल्याशिवाय मिलिओहमच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. फक्त टीव्ही, सप्लाय आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याला स्वस्त ईएसआर मीटर आणि एक सामान्य मल्टिमीटर पुरेसा आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला नवा कपॅसिटरही बसवण्याआधी मोजावा. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये ऑक्साइडचा थर पातळ होतो आणि लीकेज वाढलेले असते.

आपल्या बोर्डापुरते सांगायचे तर ४७ च्या जागी ४४ म्हणजे साडेसहा टक्क्यांहून कमी घट आहे, आणि अशा कपॅसिटरला अधिक-उणे २० टक्क्यांची मुभा असते. किमतीवरून तो दोषी ठरत नाही. तो काढलेलाच आहे तर त्याचा ईएसआर पाहून, शंका असल्यास १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा नवा बसवावा. ४७० चा जो कपॅसिटर बोर्डावरच राहिला आहे, त्याची धारकता ४६८ च्या आसपास असल्याचे आपल्याच वजाबाकीतून कळते, पण ईएसआर अजून कोणी पाहिलेला नाही. ४७ चा काढलेला असताना त्याला झाकणारा हा शेजारी आता नाही, तेव्हा नवा बसवण्याच्या आधीच ४७० चा ईएसआर जागेवर मोजून घ्यावा.